यानाला कुंकू

काळ्या रंगाचा डबा संघपालने दिपमालाच्या पायाशी आणून ठेवला. ऊन उतरायच्या आत सगळं यान काळं झालं पाहिजे, एवढंच तो म्हणाला.

अमळनेरला एका बंद गिरणीच्या आवारात त्याच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. परग्रहावरून यान येतं आणि गावातल्या माणसांना कामाला घेऊन जातं. गेलेलं कोणी परत येत नाही, अशी गोष्ट. यान सजवायचं काम दिपमालाकडे होतं. जुन्या ट्रॉलीवर पत्रा ठोकून तिने त्यावर पोपट काढले होते, कमळं काढली होती, आरशाचे तुकडे लावले होते. कडेने रंगीत झिरमिळ्या, दाराला लिंबू-मिरची. परग्रहाच्या राजाचं सोंग घेतलेला तोताराम सकाळपासून तिला छळत होता.

"काय वं ताई, यान शे का वरातनी गाडी?"

संघपालला तीच भीती होती. लोक हसतील, म्हणत होता. त्याला बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरवायची होती.

"एकदा माणसं चढवून बघा, दादा," दिपमाला म्हणाली. "नाही जमलं तर मीच काळं फासते."

पोपटच का, हे तिने सांगितलं नाही.

संघपालने जमलेल्या गावकऱ्यांना समजावलं. यान आलं की पळायचं, रडायचं, ओढून नेलं तरी पाय रोवायचे. माणसं कमी पडत होती म्हणून दिपमालाने आपल्या आईला, मंजुळाबाईला, त्यांच्यात उभं केलं होतं. आईने यान अजून पाहिलं नव्हतं.

ट्रॅक्टरने यान ओढत आणलं. कॅमेरा सुरू झाला. पळालं कोणीच नाही. पोरं टाळ्या पिटत आत चढली. लांब निघालेली गाडी कुंकवावाचून सोडायची नाही, हे बायांच्या अंगवळणी पडलेलं. एकीने सकाळच्या मुहूर्ताचं ताट उचललं, वयाने मोठी म्हणून मंजुळाबाईच्या हातात दिलं आणि हसत हसत तिला पुढे केलं.

मंजुळाबाईने कुंकवात बोट बुडवलं. मान वर केली. पोपट दिसले, झिरमिळ्या दिसल्या. बोट तिथेच राहिलं.

"निंबाले लई गयी ती गाडी बी अशीच व्हती," ती म्हणाली. "तिले बी मीच कुंकू लायेल व्हतं."

बायांचं हसू विझलं. निंबा दिपमालाचा थोरला भाऊ. गुजरातेत कामाला गेला. परत आलं ते त्याचं गाठोडं. त्या गाडीवरचे पोपट दिपमालाच्या डोळ्यांत तसेच राहिले होते.

संघपालने रंगाच्या डब्याकडे पाहिलं, दिपमालाकडे पाहिलं. मग कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला, "थांबवू नकोस."

दिपमालाला हवं होतं ते मिळालं होतं. आईच्या तोंडाकडे तिला बघवेना.

मंजुळाबाईने ताट खाली ठेवलं. दाराशी जाऊन एका पोराचं बखोट धरलं, त्याला उतरवलं. मग दुसऱ्याला. ट्रॅक्टर धडधडतच होता. पोरांना वाटलं, हाही खेळच. ती एकाला खाली ठेवायची, आणि ते यानाला वळसा घालून पलीकडच्या दाराने हसत पुन्हा आत चढायचं.