पेंढ्याचं रेडकू

परवा पुरलेलं रेडकू दवाखान्यातल्या पडद्यावर, कानातल्या बिल्ल्याच्या खुणेनं, अजून गोजराबाईंच्या गोठ्यातच दिसत होतं, म्हणून डॉ. नीरजा पाहायला आल्या. रेडकू दावणीपाशी उभं होतं. कातड्यात पेंढा भरलेला, कानात बिल्ला तसाच. म्हैस त्याला चाटत होती आणि गोजराबाई धार काढत होत्या.

"कातडं ठेवायचं नव्हतं."

"ते दिसल्याबिगर ही पान्हा सोडत न्हाई, डाक्टरीणबाई. अन् त्याला झालं तरी काय हुतं? तुमची सुई टोचस्तवर उड्या मारत हुतं."

बिल्ला लाळ्या-खुरकूत हा रोग ताप येण्याआधीच ओळखायचा, आणि ओळखलेलं जनावर त्याच दिवशी संपवायचं असा कायदा होता. आजारी पडलेलं जनावर तालुक्यात कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. नीरजांनीही नाही.

म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा हिरवा दिवा लाल झाला.

गोजराबाईंचा हात थांबला. "कातड्यापायी?"

"बहुतेक."

नीरजांनी सुई भरली. परक्या वासानं म्हैस बिचकली, दावं ताणू लागली. नीरजांनी पेंढ्याचं रेडकू उचलून तिच्या तोंडाशी धरलं. ती शांत झाली, पुन्हा चाटू लागली. आचळांतून दूध आपोआप गळायला लागलं. नीरजांनी मानेवरची शीर चाचपली.