मोरीतल्या पट्ट्या

मोरी का तुंबली म्हणून सर्वेशने जाळी उचलली, तर खाली पारदर्शक पट्ट्यांचा लगदा निघाला. दत्तक घेतलेल्या जुईची माया लागावी म्हणून दत्तक केंद्राने दिलेल्या संप्रेरकाच्या पट्ट्या होत्या त्या. रोज सकाळी मनगटावर चिकटवायची, की दिवसभरात ती कातडीत विरते, असं सांगितलेलं. तो चिकटवायचा, आणि लगेच मोरीत पाय पसरून जुईला आंघोळीआधी तेल चोळायला घ्यायचा. खोबरेल चोपडलेल्या हातावर पट्टी कसली टिकतेय!

आज चाळिसावा दिवस, तपासणीचा. माया कमी भरली, तर जुई केंद्रात परत जाणार होती.

तपासणीला आलेल्या परुळेकर सिस्टरसमोर त्याने तो लगदाच ठेवला. "सिस्टर, एकही पट्टी अंगाला लागली नाही हो. सगळ्या मोरीत गेल्या."

सिस्टरनी दोघांची लाळ यंत्रावर तपासली. संप्रेरकाचा आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. जुई एव्हाना त्याच्या पायांवरच झोपून गेली होती.

"अहो, भरपूर आहे की!" त्या म्हणाल्या. मग कार्डावरची 'पट्टी, रोज एक' ही ओळ खोडून त्यांनी खाली लिहिलं, 'तेल लावून आंघोळ, रोज सकाळी. बाबांच्याच हातची.'