जावईबापू दमले

जावईबापूंनी तिसरा खोका खाली पाडला आणि मॅनेजरसाहेब केबिनमधून धावत आले. "काय झालं? कुणी ओरडलं का याच्यावर?"

जावईबापू म्हणजे औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आणलेला यंत्रमानव. हात लोखंडी, पण डोक्याच्या जागी काचेची डबी आणि तिच्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या जिवंत पेशी. मग काय, थाट विचारू नका! दर चार तासांनी खुराक, बेताची ऊब, आणि आसपास कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही. नाव पॅकिंगच्या बायकांनी ठेवलेलं, आणि शोभतही होतं.

शेजारच्या टेबलावर ताई गोळ्यांची पाकिटं भरत होती. अकरा वर्षं भरत होती. उद्या तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आता उशीर केलात तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि म्हातारीला न्यायला ताईशिवाय कुणी नव्हतं. तीन दिवसांच्या रजेचा अर्ज साहेबांनी दोनदा परत केला होता. "मग पाकिटं काय मी भरू?" हे वर.

पेशी बघायला तज्ज्ञ आले. डबीत डोकावले, चुकचुकले.

"थकल्यात हो बिचाऱ्या. तीन दिवस पूर्ण विश्रांती. काम नाही, उजेड नाही, कटकट नाही."

साहेबांनी उभ्या उभ्या सही ठोकली. "घेऊ दे की! शेवटी जिवंत मेंदू आहे. दमणारच."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांत कधी उलटून बोलली नव्हती, आज तोंड उघडलंच. "साहेब, माझ्या आईचं ऑपरेशन..."

"तुमचं आपलं पुन्हा तेच!" साहेब खेकसले. ताईनं मान खाली घालून पुढचं पाकीट उचललं.

तज्ज्ञ फॉर्म भरत होते. "पेशी मूळच्या कुणाच्या?"

साहेबांची छाती फुगली. "घरच्याच! मागच्या तपासणीत सगळ्यांचं रक्त घेतलं होतं ना, त्यातलं सगळ्यात कामसू माणसाचं निवडलं. या बाईंचं. त्यातूनच या मेंदूच्या पेशी वाढवल्या. त्यांना काय सांगायचं, उगाच डोक्यावर बसल्या असत्या. तोच मेंदू आहे हो, फक्त तक्रार करत नाही!"

सगळ्या बायकांचे हात थांबले. ताई आधी साहेबांकडे बघत राहिली, मग डबीकडे. मग तिला चक्क हसू आलं. तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"अहो, निघालात कुठे?"

"रजेवर. माझ्या डोक्याला तीन दिवसांची रजा तुम्हीच दिलीत साहेब, आता नुसते हात इथे ठेवून काय करू?"