झाकणांवरच्या खुणा

"दश्या, आधी जबड्यात पत्र्याची पट्टी घाल, मग वस्तू धर. वस्तूवर दातांची खूण उठली तर तू कसला फिटर?"

रेल्वेच्या शेडमधल्या उस्तादांचा आवाज. चाळीस वर्षं झाली त्याला. मागच्या पडवीत टेबलाला बसवलेल्या व्हाईसचे, वस्तू जबड्यात आवळून धरणाऱ्या त्या लोखंडी पकडीचे, बोल्ट सोडताना दशरथरावांना तो आज पुन्हा ऐकू आला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं त्यांनी व्हाईसला हात लावला नव्हता. चांगलं लोखंड घरात कशाला सडवायचं? वेवजी गावातल्या त्यांच्या पुतण्यानं, प्रितेशनं, नवं गॅरेज काढलं होतं. व्हाईस न्यायला टेम्पो घेऊन तो निघालाही होता.

उघडा जबडा मिटावा म्हणून त्यांनी दांडा फिरवला. गंजून बसला असेल असं वाटलं होतं. तो लोण्यात फिरावा तसा फिरला. त्यांनी जबड्याच्या दातांवरून बोट ओढलं. बोट पिवळं झालं. नाकाशी नेलं तर हिंग, मेथी, तेल.

स्वयंपाकघरात त्यांची बायको वसुमती गवार निवडत बसली होती. दशरथरावांनी फळीवरची लोणच्याची बरणी उतरवली. मग तुपाची, मग चिकूच्या चकत्यांची. एकूण एक झाकणावर समोरासमोर दातांच्या दोन ओळी होत्या. झाकण जबड्यात आवळून बरणी फिरवली की उठतात तशा.

"हे कुणी केलं?"

"उंदीर फार झालेत," वसुमती मान वर न करता म्हणाली.

"उंदीर व्हाईस फिरवतात?"

"रेल्वेवाल्याच्या घरचे आहेत. शिकले असतील."

ते हसले नाहीत. तिच्या हातांकडे बघत राहिले. ती शेंग बोटांनी मोडत नव्हती. दोन तळहातांमध्ये धरून दाबत होती, तुटेपर्यंत.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला.

"प्रितेश आला. काय सांगू त्याला?"

वसुमतीनं ताट बाजूला सारलं.

"चहा पाजा नि परत पाठवा. वर्ष झालं, माझ्या बोटांत जोर नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी समर्थला फोन लावला असता. पोरगा आपल्याला उचलून बोरिवलीला घेऊन गेला असता, नि या घराला कुलूप. परवा स्टेशनच्या जिन्यावरून तुमचा हात धरून उतरले ना? धरला नव्हता हो. नुसता हातावर हात ठेवला होता."