ओली पिशवी

ज्या घरात वर्षभरात मरण झालं, त्या घरी नववर्षाचा तांदूळ-गुळाचा केक उकडत नाहीत. शेजारी आणून देतात, ही आमच्या बंदरावरची रीत. म्हणून मी केक घेऊन शेजारच्या बीहुनकडे गेले. तिचा लेक आतेक वादळात होडीसकट हरवला होता. तिने मात्र चूल पेटवली होती, केकसाठी दळलेल्या तांदळाची ओली पिशवी दगडाखाली निथळत ठेवली होती. “परत न्या, काकी. हा घेतला की तो गेलाच म्हणायचा.” “होडीच्या फळ्या सापडल्या गं.” “फळ्याच ना? आणि तुमचा केक दरवर्षी कच्चाच असतो!” मी हलले नाही. ती समुद्राकडे बघत राहिली. मग तिने चुलीत पाणी ओतलं, माझा केक दोन्ही हातांनी घेतला आणि ती ओली पिशवी माझ्या कडेवर दिली. “तुमच्या चुलीवर उकडा,” ती म्हणाली. “यंदा तरी कच्चा ठेवू नका.”