घंटेखालची सही

या, असे जवळ सरकून बसा. एका घंटेची गोष्ट सांगतो. देवळातली घंटा वाजली की माणूस जागा होतो. ही वाजली की त्याला झापड येते.

चाकणच्या तळेगाव चौकाजवळ एका फायनान्स कंपनीचं ऑफिस आहे. गाडीचं कर्ज कुणी मुदतीआधी फेडलं की तिथली मंडळी त्याला एका पितळी घंटेखाली उभं करतात. तो घंटा वाजवतो, ही मंडळी टाळ्या वाजवतात, त्यानंच आणलेले पेढे खातात, आणि त्या गडबडीत एक कागद पुढे सरकतो. "इथं सही, काका." जन्मात पहिल्यांदा आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना खालच्या तीन ओळी कोण वाचतो?

तळवड्याच्या रहिमान मिस्त्रींनीही वाचल्या नव्हत्या. आठवड्यानं त्यांची लेक आरफा हिनं वाचून दाखवल्या. कर्जासोबत घेतलेल्या सेवा मी स्वखुशीने सोडत आहे, कंपनीकडून माझे काही येणे नाही, असं लिहिलेलं. सेवा म्हणजे कर्जाचा विमा, वाढीव वॉरंटी आणि रस्त्यात मदत. पाच वर्षांचे पैसे आधीच कर्जात घालून घेतलेले. मिस्त्रींनी तीन वर्षांत कर्ज संपवलं. उरलेल्या काळाचे तेवीस हजार निघत होते.

ते मागायला मिस्त्री सहाव्यांदा त्या ऑफिसातल्या जयदीपच्या टेबलासमोर बसले होते.

"मेकॅनिकला तुम्ही रस्त्यात मदत विकलीत, साहेब. चाकण रोडला गाडी बंद पडली की तुमचे मदतवाले मलाच फोन करतात. मी मलाच बोलवू का?"

जयदीप हसला. गळ्यात कंपनीची पट्टी, जिभेवर साखर. "सही तुमचीच आहे ना, काका? वाचायचं होतं."

"वाचू कुठं दिलंत? टाळ्या वाजवत होता."

आधीच्या पाच खेपा इथंच संपल्या होत्या. आज मिस्त्रींनी खिशातून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवायची तक्रार काढली आणि टेबलावर ठेवली. जयदीपनं ती वाचली. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला.

"तुमची स्पेशल केस करतो. आज पाच वाजेपर्यंत पैसे खात्यात. फक्त ही तक्रार पाठवायची नाही, आणि बाहेर कुणाला बोलायचं नाही. नाहीतर उद्या इथं रांग लागेल."

दुसऱ्याचाच पैसा दुसऱ्याला परत देताना त्या पोराच्या तोंडावर अन्नदान केल्याचं तेज आलं होतं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि तरी मान हलवली. चिखलीतलं एक गॅरेज मोडत होतं. तिथली गाडी उचलायची जुनी लिफ्ट त्यांनी ठरवून ठेवली होती. मालक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. छप्पन्नाव्या वर्षी मिस्त्री अजून पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकत, आणि बाहेर आल्यावर उठायला आता कुणाचा तरी हात लागायचा. लिफ्टला तेवीस हजारच कमी पडत होते.

जयदीपचा हात माऊसकडे गेला, तोच दार उघडलं. पेढ्यांचा पुडा घेऊन इंदुताई आत आल्या. मूळच्या जालन्याकडच्या. खराबवाडीच्या कंपन्यांत स्वतःच्या गाडीनं जेवणाचे डबे पोचवायच्या.

"फिटलं का सगळं, मावशी?"

"फिटलं बाबा. दीड वरीस आधीच."

झालं, सगळे उठले. "दोन मिनिटं, काका," म्हणत जयदीपही उठला. एका हातात पेढा, दुसऱ्या हातात कागद. इंदुताईंनी पायातल्या चपला बाजूला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि वाजवण्याआधी त्या घंटेला हात लावून तो कपाळाला टेकवला. घंटा वाजली, टाळ्या पडल्या, पेढे तोंडात गेले. एक पोरगी मोबाईल धरून फोटो काढत होती.

"इथं सही, मावशी."

मिस्त्रींनी मान खाली घालून गप्प बसून पाहिलं. जमेना. ते उठले.

"ताई, थांबा. खालच्या तीन ओळी वाचल्याशिवाय सही करू नका."

टाळ्या विरल्या. "काका," जयदीप दातांतून म्हणाला, "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला आणि तिन्ही ओळी मोठ्यानं, सावकाश वाचल्या. "ताई, विम्याचे, वॉरंटीचे उरलेले पैसे तुमचे आहेत. सही केलीत की त्यांचे."

इंदुताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं पेढ्यानं भरलेली.

"म्हंजी पेढेबी माजे अन् पैसेबी माजेच. तुमच्या नुसत्या टाळ्या."

"मावशी, सही नाही तर गाडीचे कागद आज मिळणार नाहीत."

"नगं देऊ. माजी गाडी पेट्रोलवर चालती." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सोफ्यावर मांडी घातली. "माजं किती निघतंय ते लिहून दे. बसलेय मी."

जयदीप टेबलाशी परतला. आता जिभेवर साखर नव्हती. "स्पेशल केस रद्द, काका. जा तुमच्या लोकपालाकडे. बसा सहा महिने वाट बघत."

"बसतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तक्रार उचलली. जिन्यात उभं राहून चिखलीला फोन लावला. "लिफ्ट दुसऱ्या कुणाला देऊन टाका, भाऊ. नाही, माझं नाही जमत." पलीकडचा कारण विचारत होता. ते त्यांनी सांगितलं नाही.

एवढंच झालं. संध्याकाळी दिवा लावून घरच्यांची नावं देवापुढे घेत असाल, तर शेवटी एक रहिमान मिस्त्रींचंही घ्या. त्यांची पाठ फार दुखते.