समोरचं झाड

शहर हिरवं व्हावं म्हणून दुकानदार मंडळाने रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाला एकेक रोप दिलं. शिंपीणबाईंचं पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. समोरच्या बेकरीवालीचं मात्र बघता बघता छपराच्या वर गेलं. येणारा-जाणारा तिचंच कौतुक करी आणि इकडे शिंपीणबाईंच्या पोटात दुखे. शेवटी 'पानं माझ्या कापडांवर पडतात' असा धोशा लावून त्यांनी मंडळाला फांद्या छाटायला लावलंच. एका दुपारी माणूस करवत घेऊन आला.

आता बेकरीवाली भांडणार, अशी त्यांची खात्री होती. पण ती शांतपणे बाहेर आली.

"फांद्या कशाला, बुंध्यातूनच काढा दादा. जीव जळतो हो माझा. इतकी वर्षं पाणी घातलं मी, आणि ऊन कललं की सावली जाते त्या बाईंच्या दारात. मी आत भट्टीपुढे भाजते, त्या बसतात गारव्याला."

शिंपीणबाईंनी आधी झाडाकडे पाहिलं, मग आपल्या पायरीवरच्या गार सावलीकडे.

"राहू दे हो दादा," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "वाढत्या झाडाला हात लावू नये."

आणि शिलाई मशीन ओढत ओढत त्यांनी दाराबाहेर आणलं, बेकरीतून नीट दिसेल असं.